चालू कंडिशन

गेल्या शनिवारी माळा आवरायला काढला. बायकोचा हुकूम होता, त्यामुळे पळवाट नव्हती. माळ्यावरून जे काही खाली आलं त्यात माझं एक खोकं होतं. मी सॉफ्टवेअरवाला, पण हात शिवशिवतात म्हणून गेली वीसेक वर्षं मित्रांचे, नातेवाइकांचे कॉम्प्युटर उघडत आलोय. त्यामुळे खोक्यात काय नव्हतं? रॅमच्या सहा काड्या, चार हार्डडिस्क, एक मदरबोर्ड, दोन एसएमपीएस, एक लॅपटॉपचा पॅनल, एक फुगलेली बॅटरी, आणि वायरींचा असा गुंता की भुतानं शिवू नये.

तेवढ्यात एक मित्र चहाला आला. खोक्यात डोकावला आणि म्हणाला, "अरे, फोटो काढ आणि टाक विकून. वरती लिही, चालू कंडिशन. इथे कोणी नाही घेतलं तर तुझ्या पिशोरला पाठव. गावाकडे चालतं रे सगळं."

चहा प्यायलो, हो हो म्हणालो. पण ते वाक्य आठवडाभर डोक्यातून गेलं नाही. म्हणून आजचा शनिवार त्याच्यावर. थोडा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

चिडायचं कारण असं, की हे वाक्य मी स्वतः एकदा म्हटलंय. आणि त्याची किंमत मी नाही, दुसऱ्यांनी मोजलीय.

पिशोर म्हणजे कन्नड तालुक्यातलं आमचं गाव. मका, कापूस आणि अद्रक, या तिन्हीवर गावाचा जीव. (पुण्यात त्याला आलं म्हणतात. आमच्याकडे अद्रक.) माझ्या चुलत भावाचं, दादाचं, तिथे सेवा केंद्र आहे. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर-स्कॅनर, भिंतीवर दरपत्रक, आणि बाहेर बाकड्यावर कायम चार-सहा माणसं. २०२२ च्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा दादाची हार्डडिस्क भरली होती. माझ्याकडे ५०० जीबीची एक जुनी पडून होती. म्हटलं, ही घे. सहाशे रुपये ठरले.

आता खरी गोष्ट. ती डिस्क द्यायच्या आधी मी तपासली होती. हार्डडिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. त्यात ८ सेक्टर 'पेंडिंग' दिसले. म्हणजे डिस्क म्हणत होती की बाबा, या आठ जागा मला नीट वाचता येत नाहीत. मी काय केलं? अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिली. पेंडिंगचा आकडा शून्य झाला आणि त्या आठ जागा 'रिअलोकेटेड'मध्ये गेल्या, म्हणजे डिस्कनं त्या कायमच्या बाद करून राखीव जागा वापरली. मग परत चाचणी लावली, आणि वरती हिरव्या अक्षरात 'पास' आलं. मी खूश. दादाला म्हणालो, "एकदम चालू आहे. दोन वर्षं बघायला नको."

खोटं बोललो का? त्या क्षणी डिस्क चालूच होती! हीच तर या शब्दाची गंमत आहे.

जुलै २०२३. राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झालेला तो पहिला खरीप. दादाच्या केंद्रावर ही झुंबड. दिवसा साईट जाम, म्हणून दादा दिवसा सगळ्यांचे कागद स्कॅन करून ठेवायचा (सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र) आणि रात्री, साईट जरा मोकळी झाली की, बसून एकेक अर्ज भरायचा. मुदत ३१ जुलै. आणि २९ तारखेच्या रात्री माझी 'एकदम चालू' डिस्क टक् टक् टक् करायला लागली. मग तेही थांबलं.

४३ लोकांचे कागद त्यात होते.

दादानं शेजारच्या मास्तरांचा लॅपटॉप मागून आणला, आणि ४३ लोकांना फोन लावले. कोणी वस्तीवर राहणारं, कोणी तांड्यावरचं. कोणी दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेलेलं. परत या, परत कागद आणा, परत बाकड्यावर बसा. मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली म्हणून निभावलं. नसती वाढली तर? मी त्याचा विचार फार करत नाही.

आता हिशोब मांडू, कारण इंजिनिअर माणसाला हिशोबाशिवाय लाज वाटत नाही. मला मिळाले ६०० रुपये. दादाला विमा कंपनीकडून एका अर्जामागे ४० रुपये मिळतात, म्हणजे ४३ अर्जांचे १७२० रुपये. त्यासाठी त्याला तेच काम दोनदा करावं लागलं. आणि ४३ माणसांचा अर्धा अर्धा दिवस बुडाला. अर्ध्या दिवसाची मजुरी कमीत कमी दोनशे धरा, ८६०० रुपये झाले. म्हणजे माझ्या सहाशे रुपयांच्या सौद्यासाठी ज्यांनी माझं तोंडही पाहिलं नाही अशा लोकांनी साडेआठ हजार मोजले. आणि त्यातल्या एकालाही कधी कळलं नाही की हे पैसे कुणाच्या नावावर गेले.

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "पैशाचं राहू दे रे. पण तू आधी सांगितलं असतं ना, तर मी त्याच्यावर नुसती गाणी ठेवली असती."

हे वाक्य परत वाचा. आजच्या लेखाचा सगळा मुद्दा दादानं एका ओळीत सांगून टाकलाय. डिस्क वाईट नव्हती. ती विकणंसुद्धा वाईट नव्हतं. तिच्यातला दोष सांगितला असता तर तिला एक योग्य काम होतं. न सांगता विकली म्हणून तिला चुकीचं काम मिळालं.

'चालू कंडिशन' हा शब्द मी म्हणूनच शिवीसारखा ऐकतो. मराठीत 'चालू'चे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे सुरू असलेलं. आणि दुसरा? "तो माणूस जरा चालू आहे" मधला. जुन्या पार्टांच्या बाजारात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात, आणि विकणाऱ्याला ते माहीत असतं :)

आमच्याकडे म्हण आहे, पाण्यात म्हैस, बाहेर मोल. म्हैस पाण्यात बसलेली, दिसतायत फक्त शिंगं, आणि काठावर सौदा चाललाय. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली नेमका यावर निबंध लिहिला. त्याचं उदाहरण जुन्या गाड्यांचं होतं. विकणाऱ्याला गाडीचा दोष माहीत, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा काय करतो? सगळ्याच गाड्या थोड्या बिघडलेल्या असणार असं धरून भाव पाडतो. त्या पडलेल्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून उठून जातात. मागे उरतात त्या बिघडलेल्याच. मग भाव अजून पडतो. २००१ साली त्याला दोघांबरोबर विभागून नोबेल मिळालं. आपल्याला म्हण तेवढी मिळाली.

जुन्या कॉम्प्युटरच्या पार्टांचं हेच झालंय. "जुनं घेऊच नये, सगळे फसवतात" असं म्हणणारा आणि "चालतंय ना, मग विक" म्हणणारा, हे दोघं एकमेकांचे शत्रू वाटतात. नाहीत. दुसरा पहिल्याला जन्म देतो.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे खराब माल विकूच नये का? नाही हो! उलट माझं म्हणणं आहे की खराब माल विकणं हा अत्यंत प्रतिष्ठित धंदा आहे. जगातल्या सगळ्यात मोठ्या चिप कंपन्या तोच करतात.

सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिप बनतात, आणि त्यातल्या सगळ्या धड निघत नाहीत. मग अधू चिप फेकायच्या का? इंटेलनं १९९१ साली ४८६एसएक्स काढला. सुरुवातीचे एसएक्स म्हणजे ४८६डीएक्सचीच चिप, फक्त आकडेमोडीचा खास भाग बंद केलेला. एएमडीनं २००८ साली तीन कोरचा फेनॉम विकला. तीन कोर? ती चार कोरचीच चिप, त्यातला एक बंद. सोनीच्या प्लेस्टेशन ३ मधल्या चिपवर आठ जोडप्रोसेसर होते. पण एक बाद निघाला तरी चिप वाया जाऊ नये म्हणून कंपनीनं पहिल्यापासून सातच धरले. २०१९ साली इंटेलनं शेवटी 'एफ' अक्षर असलेले प्रोसेसर आणले, ज्यांत ग्राफिक्स बंद. सगळे राजीखुशीनं घेतात.

म्हणजे तुमच्या-माझ्या टेबलावरच्या कितीतरी मशीनमध्ये कारखान्यातच बाद झालेला एखादा तुकडा असेल. तरी कोणी फसवलं म्हणत नाही. का? कारण काय बंद आहे ते मॉडेलच्या नावातच लिहिलंय, तो भाग पक्का बंद केलाय, आणि किंमत त्याप्रमाणे कमी आहे. दोष झाकला तर ती फसवणूक. दोष नावात लिहिला तर तो माल. फरक एवढाच.

आणि हे आमच्या गावाला नवीन आहे असं समजू नका. बैलबाजारात माणूस बैलाचं तोंड उघडून दात मोजतो. दोन दाती, चार दाती, जुळलेला. मारका आहे का, बसका आहे का, औताला चालवून बघतो. फरदडीच्या कापसाला फरदडीचा भाव. आणि मका विकायला न्या, व्यापारी आधी मशीन लावून ओलावा मोजणार. चौदाच्या वर गेला की प्रत्येक पॉईंटला पैसे कापणार. वर्षभर राबलेल्या माणसाच्या दाण्यातलं पाणीसुद्धा आपण मोजून कापतो, आणि त्याच माणसाला हार्डडिस्क विकताना "चालू आहे, बिनधास्त घे". त्याच्या मक्याला मीटर आणि आपल्या मालाला मीटर नाही? हा कुठला न्याय?

तर मीटर हवं. खोकं समोर घेऊन बसलो तेव्हा मी स्वतःसाठी तीन प्रश्न ठरवले.

पहिला, दोष नक्की काय आहे ते मला एका वाक्यात सांगता येतं का? "कधीकधी बंद पडतो" हे वाक्य चालणार नाही. "डावीकडचा यूएसबी पोर्ट मेला आहे" हे चालेल.

दुसरा, दोष आहे तिथेच थांबतो का, की पसरतो?

तिसरा, पार्ट बिघडलाच तर नुकसान कोणाचं होणार आणि किती? पार्टची किंमत इथे विचारात घ्यायची नाही. त्या पार्टवर काय अवलंबून आहे ते बघायचं.

आता एकेक पार्ट घेऊ.

लॅपटॉपचा पॅनल. एका कोपऱ्यात दोन पिक्सेल मेलेले. डोळ्यांनी दिसतात, असल्या ठिपक्यानं माणसाचं काही अडत नाही, आणि नवे पॅनल बनवणारेसुद्धा किती पिक्सेल मेलेले चालतील याचे वर्ग ठरवून ठेवतात. त्याचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे, २००१ पासून. विका, फोटोत तो कोपरा दाखवून विका. उभी रेघ आलेला पॅनल मात्र वेगळा. आज एक रेघ असते, उद्या चार. तो दुसऱ्या प्रश्नात नापास.

मदरबोर्ड. माझा बोर्ड २००४ च्या आसपासचा, त्यावर पाच कपॅसिटर फुगलेले. त्या काळात इंजिनिअरिंग केलेल्यांना आठवत असेल, खराब इलेक्ट्रोलाईटचे कपॅसिटर जगभर फुगत होते, नामांकित कंपन्यांचे बोर्डसुद्धा सुटले नाहीत. असा बोर्ड चालू म्हणून विकणं पाप. पण मेलेला म्हणून विकणं पुण्य! रिपेअरिंगवाल्याला तो सोन्यासारखा असतो. त्याला कनेक्टर हवे असतात, छोट्या आयसी हव्या असतात. माल तोच, फक्त गिऱ्हाईक बदललं. खराब पार्ट "विकण्यासारखा आहे का" हा प्रश्नच अर्धा आहे. कोणाला, हा उरलेला अर्धा.

रॅम. इथे माझं मत कडक आहे. सहा काड्या, प्रत्येक रात्रभर मेमटेस्टवर लावली. पाच शुद्ध निघाल्या, एकीत एकाच पत्त्यावर चूक. लिनक्सला सांगता येतं की मेमरीचा एवढा तुकडा वापरू नकोस, आणि मी स्वतःच्या मशीनला ती काडी तशी वापरीनही. पण दुसऱ्याला देणार नाही. कारण बिघडलेली रॅम बंद पडत नाही, ती खोटं बोलते. एखादा बिट उलटतो, बस्. आकडा ८ आणि आकडा ९ यांच्यात कॉम्प्युटरच्या लेखी एकाच बिटाचा फरक आहे. (इंग्रजीतही, आणि युनिकोडच्या मराठी अंकांतही. तपासून बघा.) म्हणजे गट नंबर ११८ चा ११९ व्हायला एक बिट पुरतो. त्या चुकीचं खापर कोणावर फुटेल? सेवा केंद्रावर टाईप करणाऱ्या माझ्या दादावर. त्या काडीचे मी दोन तुकडे केले.

आणि सध्या हे जास्त महत्त्वाचं आहे. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, कारण एआयची डेटा सेंटरं बनत असलेली मेमरी उचलायला लागली. भाव वाढला की माळ्यावरच्या सगळ्या काड्या खाली येतात, बाद झालेल्यासुद्धा. तशात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, म्हणजे जुनी मशीनं ढिगानं निघाली. हा बाजार वाढणार आहे. म्हणून मीटरची घाई.

एसएमपीएस. कितीही चालू असो, बिघाडाची शंका जरी असली तरी नाही. एसएमपीएस एकटा मरत नाही, जाताना बोर्ड, डिस्क सगळ्यांना घेऊन जातो. आणि कोणी उत्साहानं उघडलाच तर आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. फुगलेली बॅटरी तर चर्चेलाच घ्यायची नाही. टोचू नका, दाबू नका, कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. बॅटरीच्या कचऱ्यासाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत, कंपनीला ती परत घेण्याची जबाबदारी दिलेली आहे.

आणि हार्डडिस्क. माझ्या पापाचं ठिकाण, म्हणून जरा थांबतो.

२००७ साली गुगलच्या तीन इंजिनिअरांनी एक लाखाहून जास्त हार्डडिस्कचा अभ्यास छापला. त्यात निघालं की ज्या डिस्कमध्ये पहिला सेक्टर रिअलोकेट झाला, ती पुढच्या साठ दिवसांत मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या चौदा पट होते. चौदा! म्हणजे मी दादाला विकताना ज्या आठ सेक्टरांकडे बघून "गेले एकदाचे" म्हणालो, ती खरं तर घंटा होती. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अजून वाईट. मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. म्हणजे खूण असेल तर डिस्क वाईट हे नक्की. पण खूण नसेल तर चांगली, असं अजिबात नाही. हिरव्या अक्षरातल्या 'पास'ला अर्थ नाही.

आणि नोंदवहीसुद्धा पुसता येते बरं का. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीत उघडकीला आलं की हजारो तास चाललेल्या डिस्क, आतले तासांचे आकडे शून्यावर आणून, नव्या म्हणून विकल्या जात होत्या. बैलाचे दात कानशीनं घासून त्याला तरुण करण्यातला प्रकार.

त्यावर डेटाचा प्रश्न वेगळाच. डिलीट केलं म्हणजे गेलं नाही, साधं फॉरमॅट केलं तरी बरंचसं परत काढता येतं. दादाच्या त्या मेलेल्या डिस्कवर ४३ माणसांचे आधार आणि पासबुकं होती. ती मी परत आणली आणि आतल्या चकत्यांना ड्रिलनं भोकं पाडली. खोक्यातल्या चारपैकी तीन डिस्कचं परवा तेच केलं.

आता विरुद्ध बाजूच्या मंडळींकडे वळतो. "कशाला एवढी झंझट? भंगारात टाक." हे लोक स्वतःला स्वच्छ समजतात. पण भंगारात टाकलं की ते जातं कुठे? भंगारवाल्याबद्दल मला आदर आहे, तो वजनावर घेतो आणि वजनाच्या पलीकडे कसलाच दावा करत नाही. या धंद्यातला सगळ्यात प्रामाणिक सौदा तोच. पण त्याच्या पुढे साखळी आहे. दिल्लीचं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद. तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्याच्या मुलाम्यासाठी बोर्ड अॅसिडमध्ये बुडवतात, हातमोजे न घालता. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला, आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम २०११ पासून आहेत. २०१६ ला बदलले, २०२२ ला परत बदलले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यात रिसायकल करणाऱ्यांइतकंच दुरुस्त करून विकणाऱ्यांनाही नोंदणीचं स्थान आहे. म्हणजे कायद्याला कळलंय की अजून चालू शकणारी वस्तू फेकणं हाही कचराच. "फेकून दे" ही स्वच्छता नाही. तिथेसुद्धा किंमत कोणी दुसराच मोजतो, फक्त तो पिशोरऐवजी मुरादाबादला असतो.

कायद्याचं निघालंच आहे तर अजून एक. "बघून घेतलंस ना, आता माझी जबाबदारी नाही" हे वाक्य दुकानदारांचं आवडतं. १९३० चा माल विक्री कायदा, कलम १६. घेणाऱ्यानं सावध राहावं हे त्यात आहे खरं. पण जो तसल्याच मालाचा धंदा करतो त्याचा माल विकण्यालायक असलाच पाहिजे हेही त्याच कलमात आहे. घेणाऱ्यानं तपासून घेतलं असेल तर जे दोष त्या तपासणीत दिसायला हवे होते तेवढ्यांचीच सूट. रिअलोकेटेड सेक्टर काऊंटरवर उभं राहून दिसतात का? मी दुकानदार नाही, भावाला एक डिस्क दिली, त्यामुळे मला कदाचित कोर्ट धरणार नाही. पण कोर्ट धरत नाही म्हणजे हिशोब संपला असं नव्हे.

आणि आता मित्राचं ते वाक्य. "गावाकडे चालतं."

काय चालतं? पिशोरमध्ये व्होल्टेज पुण्यापेक्षा स्थिर असतं का? उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत मशीन थंड राहतं का? कापसाच्या दिवसांत पंख्यावर बसणारा तो तंतू कधी पाहिलाय? पुण्यात माझी डिस्क मेली तर मी दुसरा लॅपटॉप उघडतो, दोन तासांत नवीन दारात येते. पिशोरहून पार्ट आणायला संभाजीनगरला जायचं म्हणजे दिवस गेला, आणि दिवसभर केंद्राला कुलूप. जिथे बदलून मिळणं अवघड, तिथे पार्ट जास्त भरवशाचा हवा की कमी? गणित सरळ आहे, आणि आपण ते बरोब्बर उलटं सोडवतो. जे शहरात नापास ते गावात पास.

याचंच सोज्वळ रूप म्हणजे दान. कंपन्या जुनी मशीनं शाळांना देतात, हार घालून फोटो निघतो. सगळी वाईट नसतात. पण ज्या दिवशी ती बंद पडतात त्या दिवसापासून ती मास्तरांच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये अडकतात. निर्लेखनाची परवानगी मिळेपर्यंत फेकता येत नाहीत, विकता येत नाहीत. एक वर्गखोली त्यांनी भरलेली असते. आपला कचरा आपण दुसऱ्याच्या सरकारी नोंदवहीत चढवला, आणि वर दानाचं पुण्य घेतलं!

असो. खोक्याचं काय झालं ते सांगून थांबतो.

रॅमच्या पाच काड्या विकल्या, प्रत्येकीबरोबर किती फेऱ्या तपासली ते लिहून. पॅनल विकला, मेलेल्या कोपऱ्याच्या फोटोसकट. बोर्ड एका रिपेअरिंगवाल्याला 'मेलेला' म्हणून दीडशेला. दोन्ही एसएमपीएस, बॅटरी, तुटलेली काडी, तीन डिस्क, सगळं रीतसर ई-कचऱ्यात. तिथे नेण्याचा रिक्षाचा खर्च विक्रीतून वजा केला. हाती फार काही उरलं नाही, आणि दोन रात्री गेल्या. मित्र म्हणेल, एवढ्यासाठी एवढं? त्याला माझं उत्तर असं, की ज्या पार्टाची किंमत तो तपासण्याच्या कष्टापेक्षा कमी आहे, तो विकण्यासारखा नाहीच. न तपासता विकून जो नफा वाटतो तो नफा नसतो. तपासायचं काम आपण घेणाऱ्यावर ढकललेलं असतं, आणि तो ते मुदतीच्या आदल्या रात्री करतो.

चौथी डिस्क उरली. तिच्यात तीन रिअलोकेटेड सेक्टर आहेत. दादाला फोन केला, सगळं सांगितलं. म्हणाला, पाठव. पैसे नको म्हणालो तर म्हणाला, "अशी फुकट नको. दोष सांगून देतोय ना, मग शंभर घे."

डिस्कवर पांढरी पट्टी चिकटवून मार्करनं लिहिलंय : 'तीन सेक्टर बाद. कधीही मरेल. फक्त गाणी.'

उद्या गावाकडे जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवतोय.